बाळाला पाजायला परवानगी लागत नाही

भारतात सार्वजनिक ठिकाणी बाळाला अंगावर पाजण्यास मनाई करणारा एकही कायदा नाही. पाजणाऱ्या आईला अडवले तर अमुक शिक्षा होईल, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदाही नाही. म्हणजे संरक्षण आहे, पण ते एका जागी सापडत नाही. थोडे संविधानात, थोडे न्यायालयांच्या निकालांत, थोडे फौजदारी कायद्यात, थोडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात आणि थोडे कामगार कायद्यात आहे. प्रसंग कोणता, त्यावर कोणता धागा हाती धरायचा हे ठरते. बसस्थानकात सुरक्षारक्षकाने उठवले तर एक, कोणी मोबाइलवर चित्रण केले तर दुसरा, कचेरीत साहेबांनी सुट्टीची वेळ नाकारली तर तिसरा.

प्रश्न किती रोजचा आहे हे बाळाच्या भुकेच्या हिशेबावरून कळते. नवजात बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये आणि पुढे पूरक आहाराबरोबर २ वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त काळ पाजत राहावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा सल्ला अंगणवाडीपासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येक बाळंतिणीला मिळतो. तो पाळायचा तर साताऱ्याहून पुण्याला कामासाठी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बाईला दिवसात तीन-चार वेळा घराबाहेर पाजावेच लागते. पाजणे टाळले तर बाळ उपाशी राहते आणि आईचे दूध साकळते. छाती दुखते, गाठी होतात, कधी ताप येतो. वारंवार टाळले तर दूधही कमी होत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्के बाळेच निव्वळ आईच्या दुधावर होती. बाकीच्यांची कारणे अनेक आहेत, पण बाहेर पडल्यावर बाटली जवळ केली जाते हे कोणत्याही घरात ठाऊक असते.

शेताच्या बांधावर, आठवडी बाजारात, उसाच्या फडात किंवा पॅसेंजर गाडीच्या साध्या डब्यात बाई पदराआड बाळाला घेते तेव्हा कोणी वळूनही पाहत नाही. हरकत उठते ती मॉल, उपाहारगृहे, कचेऱ्या आणि विमानतळ अशा नव्या, चकचकीत जागांत. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, हे कारणही तिथेच पुढे केले जाते. त्यात फारसे तथ्य नाही.

संविधान आणि न्यायालये

पाजण्याचा हक्क संविधानात नावाने नोंदलेला नाही. तो अनुच्छेद २१ मधून येतो. जीविताचा हक्क म्हणजे सन्मानाने जगण्याचा हक्क, असा या अनुच्छेदाचा अर्थ न्यायालयांनी लावलेला आहे. त्याच्या जोडीला अनुच्छेद १४ मधील समानता आहे. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा अनुच्छेद १५(३) राज्याला देतो आणि लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ सांगतो. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय बालहक्क करारात भारत १९९२ पासून सहभागी आहे. त्या कराराच्या अनुच्छेद २४ मध्ये स्तनपानाचे फायदे समाजाला समजावून देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे.

ही सर्वसाधारण भाषा नेमकी झाली ती २०२१ मध्ये. कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण प्रकरण आले. बंगळुरूच्या रुग्णालयातून चोरीला गेलेले तान्हे बाळ दुसऱ्या एका स्त्रीकडे वाढले होते आणि पोलिसांनी शोध लावल्यावर जन्मदात्री त्याचा ताबा मागत होती. न्यायमूर्ती कृष्णा दीक्षित यांनी बाळ जन्मदात्रीकडे सोपवले. तसे करताना स्तनपान हा आईचा हिरावून घेता न येणारा हक्क असून तो अनुच्छेद २१ च्या कक्षेत येतो, असे त्यांनी स्पष्ट केले. आईचे दूध मिळण्याचा बाळाचा हक्कही त्यांनी आईच्या हक्काच्या बरोबरीने मांडला. ताबा जन्मदात्रीकडे गेला तरी वाढवणाऱ्या स्त्रीला बाळाला भेटता येईल हे दोघींनी आपसांत समजुतीने मान्य केले आणि न्यायालयाने त्याची कौतुकाने दखल घेतली. हा निकाल ताब्याच्या वादातला आहे, सार्वजनिक जागेबद्दलचा नाही. पण हक्काला अनुच्छेद २१ चा पाया मिळाला की तो घराच्या उंबरठ्यापाशी संपतो असे म्हणता येत नाही.

सार्वजनिक जागेचा प्रश्न थेट हाताळला तो सर्वोच्च न्यायालयाने, १९ फेब्रुवारी २०२५ रोजी. सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष, बालसंगोपन कक्ष आणि पाळणाघरे असावीत अशी मागणी करणारी जनहित याचिका न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठापुढे होती. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यांना याविषयी एक सूचनापत्र पाठवले होते. त्याची आठवण करून देणारे पत्र केंद्राने राज्यांना पुन्हा पाठवावे, राज्यांनी सूचनांची अंमलबजावणी करावी, असे खंडपीठाने सांगितले. सध्याच्या सार्वजनिक इमारतींत शक्य तिथवर अशी जागा काढावी; नव्याने बांधल्या जाणाऱ्या किंवा आराखड्याच्या टप्प्यावर असलेल्या इमारतींत मात्र ती आधीच राखून ठेवावी. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांनाही असे सूचनापत्र जावे, हेही त्यात आले.

या निकालात सोयींपलीकडचाही एक भाग आहे आणि वाचकाच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी ठरावा. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे अनुच्छेद ५१क(ङ) नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा कामाच्या जागी पाजणाऱ्या आईकडे कलंकित नजरेने पाहिले जाऊ नये, याची जाणीव न्यायालयाने या कर्तव्याचा आधार घेऊन नागरिकांना करून दिली. मूलभूत कर्तव्य मोडले म्हणून कोणाला शिक्षा होत नाही, ही त्याची मर्यादा. तरीही “इथे हे चालत नाही” म्हणणाऱ्या व्यवस्थापकापुढे या निकालाचा उल्लेख केला तर त्याचे वजन पडते. निकालाची प्रत सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळते. मोबाइलमध्ये साठवून ठेवणे सोपे आहे.

अश्लीलतेची भीती

अनेकींना वाटणारी धास्ती वेगळीच असते: कोणी पोलिसांना बोलावले आणि उघड्यावर असभ्य वर्तन केल्याचा ठपका ठेवला तर? कायद्याच्या शब्दांत पाहिले तर ही धास्ती टिकत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९४ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ आले. या कलमाखाली गुन्हा व्हायचा तर कृत्य मुळात अश्लील असावे लागते आणि त्याचा इतरांना उपद्रव व्हावा लागतो. नुसते कोणाला तरी अवघडल्यासारखे झाले, एवढ्याने पहिली अट पुरी होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ११० रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जाणूनबुजून आणि असभ्यपणे अंगप्रदर्शन करण्याला लागू आहे. बाळाचे पोट भरणे त्यात बसवता येत नाही. अश्लील काय हे ठरवताना त्या काळातल्या सर्वसामान्य समाजाची नजर पाहावी, सर्वांत हळव्या किंवा सर्वांत विकृत माणसाची नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नमूद केले आहे.

केरळ उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल या बाबतीत बोलका आहे. ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम मासिकाने मुखपृष्ठावर बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले होते. बायकांना टक लावून न पाहता मोकळेपणाने पाजू द्या, असे आवाहन त्यासोबत होते. हे अश्लील आहे म्हणून याचिका झाली. न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसले नाही. राजा रविवर्म्याची चित्रे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने हे छायाचित्र पाहिले, असे न्यायाधीशांनी लिहिले आणि भारतीय मनाच्या जुन्या प्रगल्भतेचा दाखला देताना अजिंठ्याच्या चित्रांची आठवण काढली. मुखपृष्ठासाठी मुद्दाम काढलेले छायाचित्र अश्लील नसेल, तर बसची वाट पाहत बाळाला पाजणारी आई अश्लील ठरण्याचा प्रश्नच उरत नाही.

पदर, ओढणी किंवा पाजण्यासाठी मिळणारा खास अंगरखा वापरायचा की नाही, हा आईच्या सोयीचा भाग आहे. झाकून पाजा असे कोणताही कायदा सांगत नाही. काही बाळे उन्हाळ्यात डोक्यावर कापड आले की पिणेच सोडतात, हे कोणत्याही आजीला विचारावे.

हिरकणी कक्ष: सोय, अट नव्हे

महाराष्ट्रात स्तनपान कक्षाला हिरकणी कक्ष म्हणतात. रायगडाचा कडा उतरून तान्ह्यापाशी पोहोचलेल्या हिरकणीची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. एसटीची स्थानके, जिल्हाधिकारी कार्यालये, रुग्णालये अशा ठिकाणी हे कक्ष उघडले गेले आहेत. तमिळनाडूने २०१५ मध्ये राज्यभरातील बसस्थानकांवर असे कक्ष सुरू केले. मुंबईतील काही मोठ्या रेल्वे स्थानकांवरही पाजण्यासाठी बंदिस्त, छोट्या खोल्या ठेवलेल्या आढळतात.

कक्ष कसा असावा याची अपेक्षा मोठी नाही. आतून कडी लागणारे दार, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंखा, दिवा, हात धुवायला पाणी, लंगोट बदलायला सपाट जागा आणि वर झाकण असलेली कचरापेटी एवढे पुरते. शौचालयाच्या आत किंवा त्याच्या दाराशी कोपरा काढून त्यावर पाटी लावणे म्हणजे कक्ष नव्हे. जिथे मोठे माणूस डबा उघडणार नाही तिथे बाळाने जेवावे अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. उद्घाटनानंतर कुलूप, आत मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायली, ही अवस्था अनेक ठिकाणी दिसते. विधान भवनसुद्धा याला अपवाद ठरले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथे हिरकणी कक्ष करण्यात आला. पुढच्या अधिवेशनात मुंबईच्या विधान भवनातील कक्षाची दुरवस्था त्यांनाच माध्यमांपुढे मांडावी लागली.

कक्ष बंद असेल तर काय करता येते? एसटी स्थानकात आगार व्यवस्थापकाकडे किंवा स्थानकप्रमुखाकडे किल्ली मागावी, तक्रार पुस्तकात तारीख-वेळ घालून नोंद करावी. सरकारी कार्यालयातील कक्षाबद्दल राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्याहून परिणामकारक मार्ग माहिती अधिकार कायदा, २००५ चा आहे. कक्ष कधी मंजूर झाला, त्यावर किती खर्च झाला, किल्ली कोणाच्या ताब्यात असते आणि स्वच्छतेची जबाबदारी कोणाची, असे चार प्रश्न दहा रुपयांच्या अर्जात विचारता येतात. अर्ज बाळाच्या आईनेच करावा असेही नाही. आजोबा, काका, गावचा कोणीही नागरिक करू शकतो. अनेकदा उत्तर यायच्या आधीच कुलूप उघडलेले असते.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. कक्ष उपलब्ध आहे म्हणून आईने तिथेच गेले पाहिजे, असे कोणत्याही निकालात वा सूचनापत्रात म्हटलेले नाही. कक्ष ही सोय आहे, बाहेर पाजण्यावरची बंदी नव्हे. फलाट क्रमांक एकवर कक्ष आणि गाडी सातवर अशी स्थिती असेल, सोबत दुसरे लहान मूल व सामान असेल, किंवा आईला मोकळ्या हवेत बसावेसे वाटत असेल, तर ती बाकावर बसून पाजू शकते. एखाद्या कर्मचाऱ्याने “आत जा” असे आदराने सुचवणे वेगळे आणि उठवून पाठवणे वेगळे. कक्षांची संख्या वाढली पाहिजे यात शंका नाही. मात्र त्यांची वाढती संख्या बायकांना नजरेआड करण्याचे साधन बनू लागली, तर मूळ हेतूच उलटा होईल.

मॉल, उपाहारगृह आणि गाडी

खासगी जागेत मालकाचा शब्द अंतिम, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेशाबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही, असे अनुच्छेद १५(२) सांगतो. संविधानातले बहुतेक मूलभूत हक्क राज्याविरुद्ध असतात. हा खासगी मालकालाही लागू होणाऱ्या मोजक्यांपैकी आहे. अंगावर पाजणे केवळ स्त्रीच करू शकते. त्यामुळे पाजते म्हणून बाहेर काढणे म्हणजे स्त्री म्हणून बाहेर काढणे, हा युक्तिवाद सबळ आहे. शिवाय पैसे देऊन जेवायला बसलेल्या ग्राहकाला विनाकारण उठवले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते; राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

प्रत्यक्षात मात्र अशा प्रसंगी न्यायालयापेक्षा लोकलाज लवकर काम करते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्यातील एका मॉलमध्ये बाळाला पाजायला जागा मागणाऱ्या आईला प्रसाधनगृह दाखवण्यात आले. तिने समाजमाध्यमावर नाराजी मांडल्यावर मॉलच्या वतीने, घरची कामे घरीच उरकून यावीत अशा आशयाचे उत्तर गेले. त्यावर एवढी टीका झाली की व्यवस्थापनाला माफी मागावी लागली. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मुंबईत मालाडला आई मागच्या आसनावर बाळाला पाजत असताना वाहतूक पोलिसांनी गाडी तशीच उचलून ओढत नेली. चित्रफीत पसरल्यावर संबंधित हवालदार निलंबित झाला. गाडीत माणूस बसलेले असताना ती ओढून नेणे धोक्याचेच, मग आत बाळ असो वा नसो.

वाद उभा राहिलाच तर आईने किंवा सोबतच्या माणसाने आवाज न चढवता तीन गोष्टी विचाराव्यात: हरकत कोणाची आहे, कोणत्या लेखी नियमाखाली आहे आणि तो नियम दाखवता येईल का. बहुतेक वेळा असा नियम नसतो. रक्षकाला वरून कोणी काही सांगितलेले नसते, शेजारच्या टेबलावरून कोणी भुवई उंचावलेली असते एवढेच. व्यवस्थापकाला बोलावून घ्यावे. पाजणे सुरूच ठेवावे. बाळाला अर्धवट तोडून बाजूला करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. हात लावून उठवण्याचा प्रयत्न झाला तर ते फौजदारी बलप्रयोगाचे प्रकरण होते आणि हेतू विनयभंगाचा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ पर्यंत जाते.

रेल्वेत १३९ हा क्रमांक चौकशीसोबत सुरक्षेसाठीही आहे. सहप्रवासी त्रास देत असेल तर त्यावर डबा आणि आसन क्रमांक सांगावा. एसटीत वाहकाला सांगून जागा बदलून मागावी.

फोटो आणि चित्रण

हरकतीपेक्षा मोबाइलचा त्रास आज अधिक आहे. दोन कलमे इथे कामी येतात आणि त्यांत फरक आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ चोरून पाहण्याबद्दल किंवा चित्रण करण्याबद्दल आहे. जिथे खासगीपणाची रास्त अपेक्षा असते अशा जागी ते लागू होते. म्हणजे हिरकणी कक्षाच्या झरोक्यातून किंवा आत लपवलेल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण सरळ यात येते. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षे कारावास आणि दंड, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षे.

बाकावर किंवा बसमध्ये केलेल्या चित्रणाला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६६ई अधिक उपयोगी आहे. संमतीवाचून व्यक्तीच्या खासगी अवयवांची प्रतिमा घेणे, छापणे किंवा पाठवणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रीच्या स्तनांचा समावेश व्याख्येतच आहे. आपला हा भाग लोकांना दिसणार नाही अशी रास्त अपेक्षा असली की पुरे, मग माणूस खासगी जागी असो की सार्वजनिक, हेही कलम सांगते. “उघड्यावर बसली होती, मग फोटो काढला तर काय झाले” या बचावाला उत्तर तिथेच मिळते. टोमणे, हातवारे, शिट्ट्या किंवा एकांतात घुसखोरी यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ आहे. त्याखाली ३ वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड होऊ शकतो. लैंगिक शेरेबाजी कलम ७५ मध्ये येते.

चित्रण करणाऱ्याचा मोबाइल हिसकावून घेऊ नये आणि त्यातले चित्रण तिथेच पुसायलाही लावू नये. तसे केले की पुरावाच जातो. त्या माणसाला थांबवून ठेवता आले तर रक्षकाच्या किंवा सहप्रवाशांच्या मदतीने थांबवावे आणि ११२ वर कळवावे. चित्रण समाजमाध्यमावर आलेच तर आधी पडद्याचे छायाचित्र घेऊन दुवा, खात्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी, मग त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे काढून टाकण्याची मागणी करावी. अशा मजकुरासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मुळात २४ तासांची मुदत घातली होती. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आणि केंद्र सरकारचे राष्ट्रीय संकेतस्थळ दोन्ही आहेत.

पोलीस ठाण्यात हद्दीवरून परत पाठवले जाण्याचा अनुभव नवा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. प्रवासात पनवेलला घडलेला प्रकार नाशिकला उतरून सांगता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, फक्त ३ दिवसांत त्यावर सही करावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ मधील गुन्ह्यांत पीडित स्त्रीचे म्हणणे महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायचे असते. ठाण्याने नोंद नाकारली तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असल्यास आयुक्तालयाकडे पाठवावी. त्यानंतरचा मार्ग दंडाधिकाऱ्यांचा. महिला मदतवाहिनी १८१ आणि राज्य महिला आयोग हे पर्याय आहेतच. बाळाच्या बाजूने राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येते. हा मार्ग फार कमी वापरला जातो, पण दुधावाचून ठेवले गेलेले बाळ हेही पीडितच असते. सीसीटीव्हीतील चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात लिहावी.

नोकरीच्या ठिकाणी

इथे मात्र कायदा विखुरलेला नाही, थेट आहे. मातृत्व लाभ कायदा, १९६१ नुसार बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतलेल्या स्त्रीला बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळतो आणि त्या वेळेचा पगार कापता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिले पाहिजे, त्यात विश्रांतीची वेळही धरलेली आहे. हीच चौकट सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतलेली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी अमलात आली आहे. मागणी लेखी करावी, ईमेल पुरतो. नकार आला तर कामगार आयुक्त कार्यालयाकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या, शेतमजूर आणि ऊसतोड कामगार बाया या चौकटीच्या बाहेरच राहतात. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ही तरतूद पोहोचत नाही, ही या कायद्याची मोठी उणीव आहे.

परदेशात

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांना बहुतेक ठिकाणी भारतापेक्षा स्पष्ट संरक्षण मिळते. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार दुकान, उपाहारगृह किंवा बस यांनी पाजणाऱ्या आईला वेगळी वागणूक देणे बेकायदा आहे. स्कॉटलंडने २००५ मध्येच पुढचे पाऊल टाकले: जनतेला खुल्या जागी २ वर्षांखालच्या मुलाला दूध पाजण्यापासून रोखणे हा तिथे गुन्हा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून पाजणाऱ्या आईचे संमतीवाचून चोरून चित्रण करणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला. भारतातील कलम ६६ई मध्ये अवयव दिसला की नाही यावर वाद होऊ शकतो. तिथे गुन्ह्याची व्याख्याच पाजण्याच्या कृतीभोवती बांधलेली असल्याने तो वाद पुष्कळ कमी होतो. ऑस्ट्रेलियात १९८४ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात २०११ मध्ये स्तनपान हे भेदभावाचे स्वतंत्र कारण म्हणून जोडले गेले.

अमेरिकेत २०१८ पासून सर्व ५० राज्यांत सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कायद्याने मुभा आहे. तपशील मात्र राज्यागणिक बदलतो: काही राज्यांत अडवणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते, काहींत नुसती मुभा आहे. मोठ्या आणि मध्यम विमानतळांवर सुरक्षा तपासणीच्या पलीकडे प्रत्येक टर्मिनलमध्ये स्तनपान कक्ष असलाच पाहिजे आणि तो शौचालयात चालत नाही, असे २०१८ चा केंद्रीय कायदा सांगतो. बाळासह प्रवास करणाऱ्या आईने अशा विमानतळावर उतरल्यावर माहिती कक्षात जाऊन त्याचा नकाशा मागून घ्यावा.